नवीन कोंबड्या घरच्या कोंबड्यांत कशा सोडाव्यात?

आटपाडी, कराडच्या आठवडी बाजारातून आणलेली गावरान किंवा गिरिराज कोंबडी लगेच घरच्या खुराड्यात सोडू नका. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणं दिसायला २ ते १५ दिवस लागतात. तोवर चांगली दिसणारी एक कोंबडी सगळं खुराडं रिकामं करू शकते.

म्हणून २१ दिवस नवीन कोंबड्या लांब, वेगळ्या खोपटात ठेवा. भांडी वेगळी ठेवा. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नवीनना. नंतर साबणानं हात धुवा. मान वाकडी झाली, हिरवी हगवण लागली तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

नंतर आठवडाभर मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा. मग अंधार पडल्यावर दोन-तीन मिळून खुराड्यात बसवा, एकटी नको. दाणे दोन-तीन जागी टाका. थोडी टोचाटोची होणारच. रक्त निघालं तर मात्र ती कोंबडी बाजूला काढा.