पुराचें पाणी आणि घराचा परवाना

नदीकांठीं घर बांधावें, ही मनुष्याची फार जुनी प्रवृत्ति आहे. पिण्याला पाणी, मालाला होडी आणि गिरणीच्या चाकाला गति नदीच देई. म्हणून इंग्लंडांतील अनेक जुनीं शहरें नदीकांठींच वाढलीं. पुराचा बंदोबस्त म्हणजे बांध घालणें, एवढीच समजूत शेंकडों वर्षें होती. घर बांधण्यापूर्वींच पाण्याचा विचार कायद्यानें करावयास लावावा, ही कल्पना त्या मानानें अलीकडची आहे.

१९४७ सालीं तेथें दोन गोष्टी घडल्या. मार्च महिन्यांत कडक हिवाळ्याचें बर्फ वितळून थेम्स, ट्रेंट, सेव्हर्न या नद्यांनीं मोठा मुलूख बुडविला; आणि त्याच वर्षीं पार्लमेंटनें नगर व ग्रामरचनेचा कायदा केला. १ जुलै १९४८ पासून स्वतःच्या जमिनीवर इमारत उठविण्यासहि स्थानिक नियोजनसंस्थेची परवानगी लागूं लागली. नकार देण्याचें साधन हातीं आलें. परंतु युद्धांत घरें पडलेलीं, असंख्य कुटुंबांना छप्पर हवें, अशा वेळीं सपाट आणि स्वस्त जमीन नाकारणें कोणासच सोपें नव्हतें.

त्यानंतर दोन मोठे आघात झाले. डेव्हन परगण्यांतील लिनमथ या गांवीं इमारतींना जागा मिळावी म्हणून वेस्ट लिन नदी बंदिस्त मोरींतून नेलेली होती. १५ ऑगस्ट १९५२ रोजीं एक्समूरच्या पठारावर सुमारें ९ इंच पाऊस कोसळला. धोंडे आणि उन्मळलेलीं झाडें यांनीं मोरी तुंबली व नदी गांवांतूनच वाहूं लागली. ३४ माणसें दगावलीं. सहा महिन्यांच्या आंत, ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीं, उत्तर समुद्र पूर्व किनाऱ्यावर चढला. इंग्लंडांत ३०७ माणसें मृत्युमुखीं पडलीं; त्यांत कॅनव्ही बेट आणि जेविक येथील सखल जमिनीवरच्या हलक्या, बैठ्या घरांतील पुष्कळ होतीं. या संकटाला दिलेलें मुख्य उत्तर मात्र भिंतींचेंच होतें. थेम्सवरील प्रचंड दरवाजे १९८२ पासून उपयोगांत आले.

प्रश्नाचें रूप खऱ्या अर्थानें बदललें तें २००० सालच्या शरदांतील पुरानंतर. सुमारें दहा हजार घरांत व दुकानांत पाणी शिरलें. जुलै २००१ मध्यें सरकारनें नियोजनसंस्थांना क्रमाची कसोटी घालून दिली. वर्षाकाठीं नदीच्या पुराचा संभव हजारांत एकाहून कमी असेल ती जमीन पहिल्या वर्गाची. शंभरांत एक किंवा अधिक असेल ती तिसऱ्या वर्गाची. शंभरांत एक म्हणजे शंभर वर्षांतून एकदांच, असा समज करून घेणें धोक्याचें आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतींत असा पूर येण्याचा संभव चारांत एकाहूनहि थोडा अधिक भरतो. म्हणून सखल जागेसाठीं अर्ज करणारानें प्रथम हें दाखवावें कीं, याहून कमी धोक्याची योग्य जागा उपलब्ध नाहीं. सिद्ध करण्याचा भार अशा रीतीनें अर्जदारावर आला.

परंतु सगळें शहरच सखल असेल तर? हल शहराचा बहुतेक भाग भरतीच्या पातळीखालीं आहे. तेथें सरसकट नकार म्हणजे शहराची वाढच थांबविणें. यासाठीं २००६ मध्यें अपवादाची कसोटी आली: बांधकामापासून समाजाचें हित धोक्याहून मोठें असावें, घर त्याच्या आयुष्यभर सुरक्षित राहावें, आणि शेजाऱ्याकडे पाणी लोटलें जाऊं नये. पुढच्याच वर्षीं, २००७ च्या उन्हाळ्यांत, याच हल शहरांत हजारों घरांत पाणी शिरलें. तें नदीचें नव्हतें, समुद्राचेंहि नव्हतें. गटारांना न पेललेलें पावसाचें पाणी होतें. नदीच्या नकाशावर त्याची खूण नव्हती. २०१५ पासून मोठ्या अर्जांत या पाण्याविषयींहि स्थानिक पूर-अधिकाऱ्यांचा सल्ला घेणें बंधनकारक झालें.

नियमांमुळें अर्ज लांबतात, खर्च वाढतो, ही बांधकाम करणारांची तक्रार खोटी नाहीं. परंतु घर विकून बांधणारा निघून जातो. पाणी येतें तें पुढें तेथें राहणाराच्या उंबऱ्याशीं. परवानगीचा निर्णय होतांना तो राहणारा बहुधा तेथें नसतो. त्याच्या वतीनें आधींच प्रश्न विचारणें, हेंच या कसोट्यांचें काम आहे.