सण कुणाचा, यजमान कोण?

अपंग व्यक्तींसाठी चालणाऱ्या निवासी संस्थांमध्ये समारंभांची वानवा नसते. गणपती, दिवाळी, नाताळ, ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन, स्नेहसंमेलन आणि वर्षभर येत राहणारे दात्यांचे वाढदिवस. त्यामुळे ‘येथे सण साजरे होतात का’ या प्रश्नाने फारसे काही कळत नाही. सणात संस्थेतल्या माणसाच्या वाट्याला कोणती भूमिका येते, असे विचारले तर बरेच काही कळते.

याला वैचारिक आधार आहे. स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी १९६९ साली सामान्यीकरणाचे तत्त्व मांडले. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीचे जगणे भोवतालच्या समाजाच्या जगण्याशी शक्य तितके मिळतेजुळते असावे, हे त्याचे सार. त्यात त्यांनी दिवसाची, आठवड्याची आणि वर्षाची लय वेगळी सांगितली. सणवार, सुट्ट्या आणि कुटुंबातले खास दिवस या वर्षाच्या लयीत येतात. पुढे १९८३ मध्ये वुल्फ वुल्फेन्सबर्गर यांनी भूमिकेवर भर दिला: समाजात मान असलेली भूमिका मिळाली की माणसाकडे पाहण्याची नजर बदलते आणि त्याच्या वाट्याला येणाऱ्या संधीही बदलतात. लय आणि भूमिका या दोन कसोट्या कोणत्याही समारंभाला लावता येतात.

दात्याच्या वाढदिवसाला त्या लावून पाहू. तारीख दात्याची, केक दात्याचा, पाहुणेही त्याचेच. संस्थेतली मुले रांगेत बसतात, टाळ्या वाजवतात, फोटोत येतात. देणाऱ्याच्या मनातल्या ओलाव्याबद्दल मला शंका नाही. अनेक संस्था अशा देणग्यांवरच तगून आहेत. पण यात लय मुलांची नाही आणि यजमानपणही त्यांचे नाही. एखाद्या आठवड्यात तीन केक, मग महिनाभर काहीच नाही. फोटोला संमती कुणी विचारत नाही. दात्याने तीच रक्कम संस्थेतल्या एखाद्या व्यक्तीच्या वाढदिवसासाठी द्यावी. बेत काय करायचा आणि शेजारपाजारचे कुणाला बोलवायचे हे त्या व्यक्तीने ठरवावे. दाता पाहुणा म्हणून यावा. ज्यांची जन्मतारीखच कुठे नोंदलेली नाही, त्यांना ती निवडू द्यावी. खर्च तेवढाच राहतो, नाते मात्र उलटे होते.

कायद्याचीही दिशा हीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातील कलम ३० सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क मान्य करते. भारताने हा करार २००७ मध्ये स्वीकारला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम २९ तेच बंधन सरकारांवर आणि स्थानिक संस्थांवर घालते. ‘इतरांच्या बरोबरीने’ हे शब्द मनावर घेतले, तर संस्थेच्या सभागृहात वेगळा गणपती बसवून काम भागत नाही. गल्लीतल्या मंडळाच्या मांडवात जाता यायला हवे.

तिथे अडथळे अगदी साधे असतात. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा. म्हणजे चौथरा दोन फूट उंच असेल तर उतार किमान चोवीस फूट लांब. प्रत्यक्षात एक फळी टेकवलेली असते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, ती मांडवासमोर टिकत नाही आणि स्वमग्न व्यक्ती कान दाबून माघारी फिरते. झपाट्याने लुकलुकणाऱ्या दिव्यांनी काहींना फिट येऊ शकते. दिवसातला एक तास ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि झगमगाट बंद ठेवायला मंडळाला पैसा लागत नाही. अंध व्यक्तीला प्राणप्रतिष्ठेपूर्वी मूर्ती हाताने पाहू देता येते. खाण्याचा मुद्दा मात्र जिवाशी येऊ शकतो: सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांना गिळायला त्रास होतो. कुणाला काय चालते हे रोज भरवणाऱ्या ताईंना नेमके ठाऊक असते, पण सणाच्या दिवशी घास भरवायला पाहुणे पुढे होतात.

तरीही मांडवात पोचणे हा अर्धाच भाग. वर्गणीची पावती फाडणे, आरतीचे तबक फिरवणे, प्रसाद वाटणे ही कामे मिळाली की माणूस मंडळाचा होतो. व्यासपीठावर बोलावून, शाल देऊन, ‘जिद्दीचे उदाहरण’ म्हणून गौरवण्यापेक्षा मला तबक मोलाचे वाटते. संस्थांमधल्या प्रौढ स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक बोचते. संक्रांतीचे हळदीकुंकू आधीच सवाष्णींपुरते राखलेले. संस्थेत राहणाऱ्या चाळिशीतल्या बाईला ना कुणी बोलावत, ना तिला कुणाला बोलावता येत. तिच्यासाठी फुगे आणि बालगीते असतात. वाण तिने निवडावे, आमंत्रणे तिने द्यावीत, तिळगूळ तिच्या हातून वाटला जावा, इतके एखादी संस्था येत्या संक्रांतीला सहज करू शकते. आणि तिला त्या दिवशी आपल्या खोलीत शांत बसायचे असेल तर त्या नकाराचाही मान राखला पाहिजे. रांगेत आणून बसवलेली उपस्थिती सहभागात मोजता येत नाही.

शेवटी पैशाचा मुद्दा, जो निर्ये यांनीही आपल्या मांडणीत घेतला होता. अपंग व्यक्तींसाठीच्या संरक्षित कार्यशाळांमध्ये राख्या, पणत्या, उटणे, आकाशकंदील यांचे काम महिनोन्महिने चालते. शहरातल्या कितीतरी घरांची दिवाळी या हातांवर उजळते. या कामाचे मानधन अनेकदा नाममात्र असते आणि ते खर्च करण्याचा निर्णय पालक किंवा संस्था घेते. भाऊबीजेला बहिणीच्या ताटात ओवाळणी टाकताना ती नोट भावाच्या स्वतःच्या कमाईची असावी, आणि ती दहाची टाकायची की शंभराची हे त्याने ठरवावे.