चार नंबर की सहा नंबर?

नंबर जितका मोठा तितका ऐवज लहान, हे सत्य मला शाळेच्या प्रगतिपुस्तकानं फार लवकर शिकवलं होतं. आमचा नंबर कायम तिशीच्या आसपास. पण हाच नियम बंदुकीच्या काडतुसालाही लागू आहे, हे वेळेवर कळलं असतं तर आमच्या मामांच्या आयुष्यातली एक वाईट सकाळ टळली असती.

मामांचं गाव करडी, भंडारा जिल्ह्यातलं. हा जिल्हाच मुळी तळ्यांचा. कोहळी मंडळींनी पिढ्यान् पिढ्या पाळी बांधून पाणी अडवलं आणि त्यावर धान पिकवलं. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पुढे 'माजी मालगुजारी तलाव' या लांबलचक नावाचं लघुरूप झालं 'मामा तलाव'. ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सरकारनं अखेर आमच्या मामांची दखल घेतली!

तर हिवाळा लागला की तलावावर उत्तरेकडची बदकं उतरायची आणि मामांच्या ओसरीवर गुरुजी उतरायचे. मामांकडे बारा बोअरची दुनळी होती. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्यांचं वजन एक पौंड. हेही गुरुजींनीच सांगितलेलं. गुरुजींनी उभ्या जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, त्यामुळे त्यांची मतं पक्की होती.

वाद एकच. बदकाला चार नंबरचा छर्रा की सहा नंबरचा?

"विलायती मापानं एका औंसात चार नंबरचे १७० छर्रे बसतात आणि सहाचे २७०," गुरुजी पाटीवर लिहून दाखवत. "शंभर छर्रे फुकट काऊन सोडता?"

"गुरुजी, शंभर पोट्ट्यांनी चिमटे काढले म्हणून म्हैस मरते का?" मामा विचारत.

दोघंही बरोबर होते, म्हणून तर वाद वर्षानुवर्षं टिकला. बारीक छर्रे पुष्कळ, त्यांचं जाळं दाट. त्यातून पक्षी निसटत नाही. पण बारीक छर्रा लवकर दमतो. जाड छर्रा लांबवर जोर टिकवतो, दाट पिसांतून आत शिरतो. मात्र त्याच्या जाळ्याला भोकं मोठी. लहान बदक जवळून उठलं तर सहा, मोठं बदक चाळीस वारांवर असलं तर चार, अशी तडजोड व्हायची. त्यावर मामांचा तिसरा नियम होता, "आणि पल्ला नसंल तर बारच नाही."

१९६३ च्या नाताळच्या सुट्टीत मी दहा वर्षांचा होतो आणि काडतुसं पुरवण्याच्या मानाच्या जागेवर माझी नेमणूक झाली होती. पहाटेचा अंधार, पाळीवर दव, पाण्यात तलवार बदकांची कुजबुज. मामा हळूच म्हणाले, "जाड छर्रा दे." पिशवीत चार, सहा आणि लाव्यांसाठी आणलेली आठ नंबरची काडतुसं होती. मी हुशारी केली. आठ हा सर्वांत मोठा नंबर. दोन आठ दिली. अंधारात मामांनी ती न बघताच भरली.

बार झाला. थवा उठला. त्यातलं एक बदक तिरकं झालं, पंख ओढत पाण्यावर आलं आणि पाणगवतात शिरलं. पडलं नाही, शिरलं. मामांनी दुसरी नळी उघडून न उडालेलं काडतूस काढलं आणि तोंडावरची चकती उजेडाकडे धरली. '८'.

ते मला ओरडले नाहीत. बंदूक माझ्या हातात देऊन कमरेइतक्या गार पाण्यात उतरले आणि उन्हं वर येईतो गवत चाळत राहिले. बदक सापडलं नाही. बाहेर येऊन धोतर पिळताना एवढंच म्हणाले, "मारलं असतं तर खाल्लं असतं. आता ते चार दिवस मरंल."

त्या दिवसापासून मला कळलं, छर्ऱ्याचा नंबर हा नेमबाजीचा प्रश्न नव्हताच. आपल्या चुकीची किंमत कोण भरणार, एवढाच तो प्रश्न होता.

पुढे मी छर्ऱ्यांचा इतिहास वाचू लागलो. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सनं १७८२ साली गोल छर्रे पाडण्याचं पेटंट घेतलं. वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून सोडायचं. थेंब पडता पडता गोल होतो आणि खालच्या पाण्यात थिजतो. त्यासाठी या गृहस्थानं राहतं घर मनोऱ्यासारखं उंच केलं! छर्रे गोल आणि स्वस्त झाले, मग आकडेही वाढले. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथं दगडात कोरलेला आहे. गवतात शिरलेल्यांचा आकडा मात्र कुठल्याच दगडावर नाही.

आणि चुकलेले छर्रे? ते तळाच्या चिखलात बसतात. बदकं दाणे दळायला बारीक खडे गिळतात, त्यांत हेही गिळतात आणि शिशाच्या विषानं मरतात. म्हणजे नेम चुकला तरी छर्रा चुकत नाही. अमेरिकेनं १९९१ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं देशभर बंद केलं. पोलादाचा छर्रा हलका, म्हणून तो दोन आकार जाड घ्यावा लागतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं कुंपण घातलं होतं. १९९१ च्याच दुरुस्तीनं हौसेची शिकार पुरती बंद केली.

ही पोलादाची बातमी घेऊन मी करडीला गेलो. बंदूक केव्हाच ठाण्यात जमा झाली होती. दोघे म्हातारे पाळीवर बसून बदकं बघत होते आणि चार की सहा यावर भांडत होते.

"आता कोणता नंबर, मामा?" मी विचारलं.

मामांनी पाण्याकडे डोळे बारीक केले. "आता एकच नंबर वाढून राह्यला, बापू. चष्म्याचा."