बालमनाच्या शिक्षणाविषयीं दोन साक्षी : बारामती व इंदापूर

लहान मुलांस राग आवरणें, दुसऱ्याचें दुःख ओळखणें, सवंगड्यांशीं सलोख्यानें वागणें हें शाळेंत शिकवावें, हा विचार हल्लीं नवा म्हणून पुढें येतो. ह्याच दिशेचा 'मूल्यवर्धन' उपक्रम २००९ सालीं बीड जिल्ह्यांत सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि सामाजिक व भावनिक शिक्षणास स्थान दिलें. त्यावर जुन्याचे अभिमानी 'हें आमच्याकडे होतेंच' असें म्हणून मोकळे होतात. हें विधान कितपत टिकतें, तें दोन शेजारच्या तालुक्यांतील साक्षींवरून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिली साक्ष बारामतीची. पन्हाळ्यास केशव व गणेश पाध्ये ह्यांजवळ अध्ययन करून मोरोपंत (इ. स. १७२९–१७९४) बारामतीकर बाबूजी नाईक जोशी ह्यांच्या आश्रयास आले व कऱ्हेच्या कांठीं पुराणिकी करीत अखेरपर्यंत राहिले. परशुरामतात्या गोडबोले ह्यांच्या 'नवनीता'नें (१८५४) पंतांची कविता विद्यार्थ्यांच्या हातीं दिली. 'केकावली'तील सत्संगतीची याचना करणारा श्लोक तर घरोघर मुलांच्या मुखीं बसला. त्याची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. 'तूं असें वाग' अशी द्वितीयपुरुषी आज्ञा त्यांत नाहीं. चांगली संगत लाभो, बुद्धीचा मळ जावो, अशी इच्छा आहे. म्हणणारें मूल उपदेश ऐकत नाहीं, स्वतःसाठीं मागतें.

दुसरी साक्ष इंदापूर तालुक्याची. नीरा व भीमा ह्यांच्या संगमावरील नरसिंहपूर हें क्षेत्र परंपरा प्रल्हादाशीं जोडते. त्याच्या शाळेची हकीकत भागवताच्या सप्तम स्कंधांत आहे. शिष्य ऐकत नाहीं असें पाहतांच गुरु वेताची छडी मागवितो. परंतु गुरु घरकामांत गुंतले असतां सवंगडी प्रल्हादास खेळावयास बोलावितात. तो त्यांच्याशीं गोड शब्दांनीं बोलूं लागतो, आणि मुलें खेळणीं टाकून त्याच्याभोवतीं बसतात. भूतमात्रांवर दया व स्नेह करा, हा त्याच्या बोधाचा एक भाग होय. जें छडीनें साधलें नाहीं, तें बरोबरीच्या मुलानें मोकळ्या वेळांत साधलें, असें पुराणकारच सांगतो.

ह्यावरून आमचें मत असें. सामग्री आमच्याकडे होती. पद्धति मात्र शाळेंत उतरली नाहीं. पंतोजींच्या शाळेचा मुख्य रोख अक्षर, पाढे व हिशेब ह्यांवर असे. तेथें श्लोक पाठ झाला, छडीहि राहिली. प्रल्हादाचें तें कोंडाळें मात्र पोथींतच राहिलें. 'मूल्यवर्धना'त मुलें जोडीनें व गटानें बसून बोलतात, ही रीत त्या कोंडाळ्यास अधिक जवळची आहे. म्हणून 'होतेंच' हें अर्धसत्य, आणि 'सर्वच नवें' हेंहि अर्धसत्य.

उरलेला निर्णय संग्राहकांच्या हातीं आहे. पोथीची किंमत आपण कर्ता, शक व अक्षर पाहून करतों. मुलांचे कित्ते, पाठांतराच्या वह्या, अर्धवट मोडी गिरविलेले कागद रद्दींत जातात. मुलांस प्रत्यक्ष काय शिकविलें जाई, ह्याचा पुरावा ह्याच कागदांत मिळण्याचा संभव आहे. बारामती-इंदापुरांतील जुन्या वाड्यांतून असें दप्तर हातीं आल्यास तें वेगळें ठेवावें, आणि गांव, शक व कोणते श्लोक उतरविले आहेत, हें टिपून कळवावें, अशी आमची विनंती आहे.