टीव्ही गेम एवढा हलका कसा झाला?

नांदेड-लातूरकडे आम्ही ज्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो, तो बहुतेक निन्टेन्डोच्या 1983 च्या फॅमिकॉमची नक्कल असायचा. (कार्ट्रिजला ‘कॅसेट’!) मूळ मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप वेगवेगळी. नक्कलवाल्यांनी पुढे सगळं एकाच चिपमध्ये कोंबलं आणि वर इपॉक्सीचा काळा ठिपका ओतला. बोर्ड चिमुकला, डबा जवळपास रिकामा, भाव कमी. सोनीनेही 2004 मध्ये प्लेस्टेशन 2 बारीक केला, 7.8 वरून 2.8 सेंटिमीटर, पण हार्ड डिस्कची जागा गेली.

घरात जुना टीव्ही गेम सापडला तर भंगारात द्यायच्या आधी उघडून बघाच. काळा ठिपका मेला असेल तर विषय संपला. वायर तुटली असेल तर साधं सोल्डरिंग पुरतं. बंदूक मात्र एलसीडीवर चालणार नाही, तिला जुना डबा टीव्हीच लागतो.