गॉल्फदंड व त्याची घडण

गॉल्फ या खेळात चेंडू टोलविण्यासाठी जी काठी वापरतात, तिला इंग्रजीत क्लब म्हणतात. मराठीत क्लब हा शब्द खेळाडूंच्या मंडळासाठी रूढ झाला असल्यामुळे काठीसाठी गॉल्फदंड ही संज्ञा सोयीची ठरते. दंडाचे शिर, दांडा व मूठ असे तीन भाग असतात. शिर चेंडूवर कोणत्या कोनातून आदळते, दांडा किती लवतो आणि काठी फिरविताना शिराचा भार हातास किती जाणवतो, या तीन गोष्टींवर फटका अवलंबून असतो. खेळणाऱ्याची उंची, हातांची लांबी, पंजाचा आकार व फटक्याचा वेग यांना अनुसरून त्या जुळवाव्या लागतात. एकाला बेतशीर वाटणारी काठी दुसऱ्याच्या हातात निरुपयोगी ठरते, ती यामुळेच.

गॉल्फचा लिखित इतिहास एका बंदीहुकुमापासून सुरू होतो. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळात रमतात, या कारणास्तव स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये फुटबॉल व गॉल्फ हे दोन्ही खेळ निषिद्ध ठरविले. ज्या धनुष्यांच्या काळजीपोटी हा निर्बंध घातला गेला, ती धनुष्ये करणारे कारागीरच पुढे गॉल्फदंडांचे पहिले ज्ञात निर्माते ठरले, हे विशेष होय. १५०२ मध्ये चौथ्या जेम्स राजाने पर्थ येथील एका धनुष्यकाराकडून दंड विकत घेतल्याची नोंद राजकोषाच्या हिशेबांत आढळते. तर १६०३ मध्ये सहाव्या जेम्सने एडिंबरोचा धनुष्यकार विल्यम मेन याची राजाचा दंडकार म्हणून नेमणूक केली. लाकडाचा लवचिकपणा पारखणे, धाग्याच्या दिशेने ते फाडणे आणि मुरवून तासणे ही कौशल्ये दोन्ही व्यवसायांत समान होती.

या काळातील दंडाचे शिर लांबट, उथळ व होडीच्या नाळेसारखे निमुळते असे. शिरासाठी बीच, सफरचंद, नासपती यांसारख्या झाडांचे घट्ट लाकूड वापरीत. दांड्यासाठी ॲश किंवा हेझेल. शिराच्या मागील बाजूस खोबण कोरून तीत वितळलेले शिसे ओतीत आणि तळाच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवीत, म्हणजे जमिनीवर घासून लाकूड झिजत नसे. शिर व दांडा यांचा सांधा हा या रचनेचा कळीचा भाग होता. दोन्ही तुकड्यांची टोके लांब व तिरकस तासून एकमेकांवर तंतोतंत बसवीत, सरसाने चिकटवीत आणि त्यांवर डांबर लावलेला दोरा घट्ट गुंडाळीत. लाकडी होडीच्या बांधणीतही लांब तुकडे जोडण्यासाठी अशाच तिरकस सांध्याचा आश्रय घेतात. पालघर जिल्ह्यातील वसई–आगाशी हा भाग पोर्तुगीज काळात जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होता. तेथील सुताराला स्कॉटलंडच्या दंडकाराचे हे काम पाहताक्षणी उमगले असते. सरळ काटकोनात जोडलेले लाकूड आघाताने निखळते, तिरकस सांध्यात मात्र तोच आघात लांबवर विभागला जातो, हे तत्त्व समुद्राच्या लाटेस आणि गॉल्फच्या फटक्यास सारखेच लागू पडते.

दंडकारांत ह्यू फिल्प (१७८२–१८५६) याचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते. तो मूळचा सुतार. सेंट अँड्रूझ येथील गॉल्फमंडळाने १८१९ मध्ये त्यास आपला दंडकार नेमले. त्याच्या दंडांची सडपातळ व डौलदार ठेवण इतकी वाखाणली गेली, की पुढे त्याच्या नावाचा ठसा मारलेले बनावट दंड बाजारात आले. जुन्या दंडांच्या संग्राहकांना ही डोकेदुखी आजही पुरते. फिल्पनंतर त्याचा पुतण्या रॉबर्ट फॉर्गन याने कर्मशाळा चालविली व दांड्यासाठी अमेरिकेतील हिकरी या लाकडाचा वापर रूढ केला. हिकरी लवते, पण सहसा मोडत नाही. शिवाय फटक्याच्या वेळी काहीशी पिळते. ही पीळ ओळखून खेळणे हा त्या काळच्या खेळाडूच्या कौशल्याचा मोठा भाग असे. दोन हिकरी दांडे कधीच अगदी सारखे नसत. त्यामुळे चांगला दांडा मिळाला, की शिर फुटल्यावरही खेळाडू तो टाकून देत नसे, त्यास नवे शिर जोडून घेई.

दंडाच्या घडणीत जे बदल झाले, ते बहुतांशी चेंडूतील बदलांमुळे झाले. आरंभीचा चेंडू म्हणजे पिसे ठासून भरलेली चामड्याची गोळी. लोखंडी दंडाने ती फाटण्याचे भय असल्याने लोखंडाचा वापर अडचणीच्या जागीच होई. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. हिंदुस्थानच्या बाजूने आलेल्या विष्णुमूर्तीच्या वेष्टनातील गटापर्चाचा उपयोग करून रॉबर्ट पॅटर्सन याने असा पहिला चेंडू वळला, अशी एक आख्यायिका सांगतात. ती रंजक असली, तरी इतिहास म्हणून तिच्यावर फार भार टाकता येत नाही. गटापर्चा हा मलेशियाकडील एका वृक्षाचा चीक असून तो वृक्ष मोह व चिकू यांच्याच कुलातील आहे. डहाणू–घोलवडच्या वाड्यांतून कच्चा चिकू तोडताना बोटांना चिकटणारा पांढरा चीक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पदार्थाच्या जातीची कल्पना येईल. हा चेंडू स्वस्त व टिकाऊ होता, पण दगडासारखा कठीण होता. त्याने लांबट शिरांचे मुखभाग फुटू लागले. दंडकारांनी शिर आखूड व जाड केले, मुखभागी चामड्याचे तुकडे बसविले आणि तुलनेने मऊ अशा बीचकडे ते वळले. लोखंडी दंडांना चेंडू फाटण्याची अडचण आता उरली नाही, आणि लोहाराच्या ऐरणीवर घडविलेली शिरे सुताराच्या बाकावरील शिरांच्या बरोबरीने नांदू लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोबर्न हॅस्केल या अमेरिकनाने रबरी धागा गुंडाळलेला चेंडू काढला (पेटंट १८९९). त्याच सुमारास शिरांसाठी पर्सिमनचे लाकूड प्रचारात आले. पर्सिमन हा आपल्याकडील टेंभुर्णीचा सगोत्र वृक्ष होय. टेंभुर्णीची पाने विडीच्या धंद्यास पुरविली जातात. तिच्या अमेरिकन भावंडाने मात्र जवळजवळ ऐंशी वर्षे गॉल्फच्या सर्वांत लांब फटक्यांचा भार वाहिला. पर्सिमनच्या शिरात भोक पाडून दांडा आत बसविण्याची पद्धत आल्यावर तिरकस सांधा हळूहळू मागे पडला. गळ्याभोवती दोरा गुंडाळण्याची रीत मात्र टिकून राहिली.

भारतात हा खेळ इंग्रजी अमदानीत आला. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गॉल्फ क्लब कलकत्त्यास १८२९ मध्ये स्थापन झाला. मुंबईचा क्लब १८४२ चा. मुंबईकर गॉल्फपटूंनी १८४५ मध्ये सेंट अँड्रूझच्या मंडळास एक रौप्यपदक अर्पण केले व ते ‘बाँबे मेडल’ या नावाने तेथील स्पर्धांत दिले जाऊ लागले. दंड अर्थातच विलायतेहून येत. सरसाने जोडलेली काठी मुंबईच्या पावसाळ्यात ठेवणे म्हणजे सांधा सुटण्यास आमंत्रणच होते: दमट हवेत सरस मऊ पडतो, लाकूड फुगते, आणि उन्हाळ्यात तेच आकसून दोऱ्याचा वेढा सैल होतो. अशा काठ्या दर वेळी सहा हजार मैलांवर पाठविणे शक्य नव्हते. त्या येथील सुतार-लोहारांच्या हाताखालून गेल्या असणार हे उघड आहे. तथापि क्लबांचे इतिहास पदके, अध्यक्ष व विजेते यांच्या नावांनी भरलेले असतात. सांधा पुन्हा बसविणाऱ्याचे नाव त्यांत सहसा आढळत नाही. या कलेच्या भारतीय इतिहासातील ही सर्वांत मोठी उणीव होय. मैदानावर भारतीय माणूस दीर्घकाळ पिशवी वाहणारा साहाय्यक, म्हणजे कॅडी, म्हणूनच दिसत असे. मुंबईत १९१८ साली निघालेल्या विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लबने युरोपीय व भारतीय अशा दोघांनाही सभासदत्व खुले केले. चेंबूरचे बाँबे प्रेसिडेन्सी गॉल्फ क्लबचे मैदान १९२७ चे. नाशिकच्या ‘गोल्फ क्लब’ मैदानास पुढे हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देण्यात आले. तेथे आता क्रिकेट खेळले जाते, जुने नाव मात्र लोकांच्या तोंडून गेलेले नाही.

पोलादी पोकळ दांडा अमेरिकेत १९२४ मध्ये व ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये नियमांनी मान्य झाला, आणि दंडकाराच्या व्यवसायाचे स्वरूप पालटले. पोलादी दांडे एकसारखे निघत. त्यामुळे क्रमांक घातलेले दंडांचे संच कारखान्यांतून बाहेर पडू लागले आणि मॅशी, निब्लिक, स्पून ही जुनी नावे मागे पडली. बॉबी जोन्सने १९३० मध्ये एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच दंडांनी. ते त्याने हाताच्या अंदाजाने एकेक करून निवडलेले होते. पुढे मोजले असता एक सोडून सर्व परस्परांशी जुळले आणि तो एकच त्यास नेहमी त्रास देई, असे सांगतात. हातास कळणारी ही गोष्ट आकड्यांत बसविण्याचा प्रयत्न रॉबर्ट ॲडम्स याने १९२० नंतरच्या दशकात केला. मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर आधार देऊन दंड तोलला असता शिराकडील भार किती ओढतो, हे त्याचा काटा दाखवीत असे. या मापास फिरभार म्हणता येईल. शिरात सु. २ ग्रॅम वजन वाढविले की तो एका अंशाने वाढतो, आणि दांडा अर्धा इंच लांब केला की सु. तीन अंशांनी. दुरुस्तीच्या कामात हे गणित पदोपदी लागते.

संचातील दंडांची संख्या वाढत जाऊन काही खेळाडू पंचवीस-पंचवीस दंड वाहून नेऊ लागले; तेव्हा अमेरिकेत १९३८ व ब्रिटनमध्ये १९३९ पासून चौदांची मर्यादा घालण्यात आली. पिशवी वाहणाऱ्याच्या खांद्यास याने दिलासा मिळाला असावा. कारखानदारीच्या या युगातही स्वतःच्या हाताने दंड सुधारण्याची वृत्ती लोपली नाही. जीन साराझेन याने निब्लिकच्या तळाला मागील बाजूस धातूचे डाग देऊन तो जाड केला, वाळूतून चेंडू काढण्याचा दंड सिद्ध केला आणि १९३२ ची ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. कार्स्टेन सोलहाइम या अभियंत्याचा पिंग हा पटर १९५९ मध्ये असाच घरगुती खटपटीतून जन्मला. शिराचे वजन मध्यातून काढून कडांकडे नेल्यास फटका चुकला तरी शिर कमी फिरते, हे त्याचे तत्त्व पुढे सर्वमान्य झाले. १९७० च्या सुमारास कार्बनतंतूंचा दांडा, १९७९ मध्ये पोलादी पोकळ ‘लाकूड’ आणि त्यानंतर टायटॅनियम अशी वाटचाल होऊन पर्सिमन इतिहासजमा झाला. मोठ्या शिराचे घनफळ ४६० घ. सेंमी. हून अधिक नसावे, असे बंधन नियामक संस्थांनी घातले आहे.

दुरुस्तीचे काम आज सुताराचे राहिले नसून बरेचसे यंत्रकाम झाले आहे. शिर दांड्यास एपॉक्सी रेझिनाने चिकटविलेले असते. ते सोडविण्यासाठी गळा तापवावा लागतो. पोलादी दांडा पिळून काढला तरी चालते. कार्बनतंतूंचा दांडा मात्र सरळच ओढावा लागतो, कारण पिळल्यास तंतू तुटतात आणि आच जास्त लागल्यास त्यांना बांधणारे रेझीन जळते. उतावीळ कारागिराच्या हातून दांडे वाया जातात ते याच टप्प्यावर. जमिनीशी दांड्याचा होणारा कोनही खेळाडूगणिक बदलावा लागतो. तो फार उभा असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. घडीव मऊ पोलादाचे शिर पकडीत धरून एखाददोन अंश वाकविता येते. ओतीव कठीण शिर तसे करताना तडकण्याची भीती असते. मूठ बदलणे हे त्या मानाने सोपे, पण सर्वांत वारंवार लागणारे काम आहे. जुनी रबरी मूठ कापून काढतात, दुहेरी चिकटपट्टी गुंडाळतात व द्रावकाने ती ओली करून नवी मूठ एका दमात सरकवितात. पंजा मोठा असल्यास पट्टीचे वेढे वाढवितात.

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी दंड सहजी मिळत नसत. एक संच अनेक हातांतून जाई, आणि मोडका दंड दुरुस्त होऊन कॅडींच्या हाती पडे. अली शेर या पूर्वाश्रमीच्या कॅडीने १९९१ मध्ये भारतीय खुली स्पर्धा जिंकली. या स्पर्धेतील ते पहिलेच भारतीय व्यावसायिक विजेते होत. पुण्याचे उदयन माने टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१) खेळले. परंतु या खेळाचा दुसरा, अधिक अनपेक्षित वारसा चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्त्यांत दिसून येतो. तेथील कॅडी तरुणांनी बांधकामाची लोखंडी सळई वाकवून दंड घडविले व घरांमधील अरुंद गल्ल्यांत आपला खेळ मांडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी छायाचित्रकार तोमाश गुद्झोवाती यांच्या चित्रमालिकेमुळे तो जगापुढे आला. सळईचे एक टोक वळवून त्याचे शिर होते, दुसऱ्या टोकास नळी किंवा चिंध्या यांची मूठ. चेंडू प्लॅस्टिकचा, म्हणजे कोणाच्या दारास वा डोक्यास इजा होत नाही. काठी किती लांब असावी आणि शिर किती कलते असावे, हे ज्यांनी दिवसभर दुसऱ्यांचे उंची दंड हाताळले आहेत, त्यांना शिकवावे लागत नाही. धनुष्यकाराने लाकडात शोधला तो लवचिकपणा सळईत नाही. ती जड असते आणि आघात थेट मनगटास पोचवते. मात्र ती वाकली, तर दगडावर ठेवून पुन्हा सरळ करता येते.