'पोस्ट' म्हणजे काय? एक शब्द, चार अर्थ

'मु. पो. कट्टा, ता. मालवण' या पत्त्यातला 'पो.' म्हणजे पोस्ट. हा इंग्रजी शब्द मराठीत चार अर्थांनी वापरला जातो.

१. टपाल किंवा टपाल कार्यालय: 'पत्र पोस्टात टाकलं.'
२. पद, नोकरीची जागा: 'शिपायाची पोस्ट रिकामी आहे.'
३. सोशल मीडियावरचा मजकूर, फोटो: 'तुझी पोस्ट वाचली.'
४. 'नंतर': पोस्टमॉर्टेम, पोस्टपेड.

पहिल्या दोन अर्थांचे मूळ 'ठेवलेले' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. तिसरा 'खांब' या अर्थावरून आला, कारण पूर्वी सूचना खांबावर लावत. चौथा स्वतंत्र लॅटिन शब्द आहे.

लिंगही बदलते: 'पोस्ट उघडलं' (कार्यालय), पण 'पोस्ट निघाली' (जागा).

आता 'पोस्टात पोस्ट निघाली' अशी पोस्ट आली तर? ग्रामीण डाक सेवकांची निवड दहावीच्या गुणांवरून होते, मुलाखत नसते. त्यामुळे 'मुलाखतीसाठी पैसे भरा' असे लिहिले असेल, तर ती फसवणूक समजा. फॉरवर्ड करण्याआधी टपाल खात्याच्या अधिकृत वेबसाइटवर जाहिरात तपासा.